दहावं द्रव्य

अन्नंभट्टाने जगातली सगळी द्रव्यं नऊत बसवली: पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश, काळ, दिशा, आत्मा आणि मन. सतराव्या शतकातला हा तेलुगू पंडित. त्याने ‘तर्कसंग्रह’ लिहिला तो न्यायशास्त्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या पोरांना सोपं जावं म्हणून, त्यामुळे पोथी अगदी बारकी. मग त्याच पोथीवर त्याने स्वतःच ‘दीपिका’ नावाची टीका लिहिली आणि द्रव्यांची यादी संपते न संपते तोच तिथे एक भांडण लावून दिलं. नऊच कशी? दहावं राहिलं की. अंधार! टीकेचं नाव दीपिका आणि तिच्यात वाद अंधाराचा, हे मला भारी आवडतं.

हे मी ऐकलं सदाशिव पेठेत, एका वाड्याच्या माडीवर. शनिवारी संध्याकाळी तिथे एक शास्त्रीबुवा तर्कसंग्रह शिकवतात. वर्गात आम्ही जवळजवळ सगळे निवृत्तच: दोन बँकवाले, एक वीज मंडळातले, एक संस्कृतच्या बाई, रविवार पेठेत भांड्यांचं दुकान असलेले एक जैन गृहस्थ, आणि मी. मी उभी हयात फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली. पहिल्या दिवशी गुरुजींनी प्रत्येकाला धंदा विचारला होता. अंधाराचा वाद निघाला तेव्हा त्यांना ते बरोबर आठवलं. “तुमचा तर अंधाराचाच व्यवसाय. आधी पूर्वपक्ष ऐका, मग साक्ष द्या.”

पूर्वपक्ष म्हणजे आधी मांडायची विरोधी बाजू. ती कुमारिल भट्टाच्या अनुयायांची, म्हणजे भाट्ट मीमांसकांची. अंधार काळा दिसतो, तेव्हा त्याला रंग आहे. दिवा हातात घेऊन चाललं की तो मागे सरकतो, तेव्हा त्याला हालचाल आहे. रंग आणि हालचाल ज्याला आहे ते द्रव्य. आता ते नऊपैकी कुठलं ते सांगा. वास नाही, म्हणून पृथ्वी नव्हे. गार लागत नाही, म्हणून पाणी नव्हे. ऊन लागत नाही, चकाकत नाही, म्हणून तेज नव्हे. वारा, आकाश आणि उरलेल्यांना तर रंगच नसतो. मग दहावं माना!

अन्नंभट्टाचं उत्तर मोजक्या वाक्यांत आटपतं. रंग असलेली कुठलीही वस्तू डोळ्यांना दिसायची तर उजेड लागतो. अंधार मात्र उजेडाशिवायच दिसतो, उजेड आणला की जातो. म्हणजे ती वस्तू नाही, तेजाचा अभाव आहे. काळा दिसतो, सरकतो म्हणता, तो भ्रम. हीच बाजू कणादाने वैशेषिक सूत्रांत फार पूर्वी मांडून ठेवलेली. छत्री चालते म्हणून सावली चालल्यासारखी दिसते. चालणारा छत्रीवाला.

मग माझी साक्ष. मी म्हणालो, गुरुजी, आमच्या धंद्यात अंधाराने कधी कुणाचं काही बिघडवलेलं मला माहीत नाही. आमच्याकडे शब्द होता ‘उजेड लागला’. फिल्मला उजेड लागला, पेपरला उजेड लागला, फॉग झाला. दाराला दोन काळे पडदे, खिडकीच्या फटींना काळा कागद, किल्लीच्या भोकात कापसाचा बोळा. हे सगळं अंधार आत कोंडायला नव्हतं, उजेडाला बाहेर ठेवायला होतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ पेपर पाकिटात कितीही दिवस राहिला तरी अंधार म्हणून त्याच्यावर काही उमटत नसे. जुना झाला की आपला आपण करडा पडे, तो वयाने आणि उन्हाळ्याने. अंधार काही करतच नाही. द्रव्य असता तर कधी तरी काही तरी केलं असतं.

गुरुजी खूश. संस्कृतच्या बाई मात्र म्हणाल्या, “आणि घरी काय म्हणता? अंधार पडला. काळोख दाटला. जूनमध्ये दुपारी तीनलाच अंधारून आलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. पडतो, दाटतो, येतो: मराठीत तो चांगला हिंडता-फिरता आहे. तुमची डार्करूम कणादाकडे, पण तुमचं स्वयंपाकघर भाट्टांकडे.” बाईंचं खरं होतं. आमच्या घरीही कुणी म्हणत नाही की तेजाचा अभाव झाला. फक्त वीज गेली की भाषा बदलते. तेव्हा आपण ‘लाइट गेली’ म्हणतो. अंधार आला असं म्हणत नाही. वीज मंडळवाल्यांनी हे निमूटपणे ऐकून घेतलं.

जैन गृहस्थांनी मग त्यांचं तत्त्वार्थसूत्र काढलं. त्यात अंधार आणि सावली दोन्ही पुद्गलाची, म्हणजे जड द्रव्याचीच रूपं आहेत, ऊन आणि उजेड यांच्याच पंगतीत बसवलेली. “आमच्याकडे अंधारही मालात धरतात,” ते म्हणाले आणि वर्ग हसला. शिवाय श्रीधर नावाचा वैशेषिक पंडित म्हणतो, अंधार म्हणजे आपण लादलेला निळा-काळा रंग, खाली वस्तू कुठलीच नाही. मीमांसकांतल्याच प्रभाकराच्या मते उजेडाचं ज्ञान न होणं हाच अंधार. म्हणजे एका साध्या गोष्टीवर पाच मतं. पुण्याला हे नवं नाही. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेसाठी इथे गावोगावचे शास्त्री जमायचे, आणि त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. असले वाद या पेठांनी भरपूर ऐकलेत.

पण एवढ्या पंडितांनी अंधारासाठी डोकं का आटवावं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. अंधार वस्तू असला काय नि नसला काय, वीजबिल तेवढंच येणार. त्याचं उत्तर वेदान्ताच्या बाजूला सापडलं. अद्वैतवाले अज्ञानाला अंधाराची उपमा देतात, आणि त्यांचं म्हणणं असं की अज्ञान म्हणजे नुसतं ज्ञान नसणं नव्हे. ते भावरूप आहे, झाकणारं आहे, ब्रह्मावर पडदा टाकणारं आहे. त्यांच्यातल्या प्रकाशात्म्याने ‘विवरणा’त यासाठी अनुमानच रचलं, आणि त्यात दृष्टान्त दिला तो अंधारात नुकत्याच उजळलेल्या दिव्याच्या पहिल्या प्रभेचा. तो पहिला उजेड जसा आधीपासून असलेलं काहीतरी बाजूला सारतो, तसं ज्ञान अज्ञानाला सारतं. आता अंधार हा नुसता अभाव ठरला की हा दृष्टान्त लंगडा पडतो. सारायला तिथे कुणी नव्हतंच. म्हणजे भांडण खोलीतल्या काळोखाचं नव्हतं. मोक्षाच्या वाटेवर काही हटवायचं आहे की काही आणायचं आहे, याचं ते भांडण. आणि इथून जवळच आळंदीला ज्यांची समाधी आहे, त्या ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाचं एक लांबलचक प्रकरण घातलं. ज्या अज्ञानाला वेदान्ती मोठ्या मानाने पाटावर बसवतात, त्याला राहायला जागाच कुठे आहे, असा त्यांचा सूर. म्हणजे नाथपंथात वाढलेला, अद्वैतातच बोलणारा हा माणूस या एका मुद्द्यावर मला कणादाच्या शेजारी बसलेला दिसतो. गुरुजींना हे माझं म्हणणं मान्य नाही, ते म्हणतात शेजार वेगळा आणि सोयरीक वेगळी.

तरी ‘अभाव’ म्हटलं की काम संपलं असं नाही. न्यायात अभाव म्हणजे शून्य नव्हे, तर्कसंग्रहाच्या यादीतला तो सातवा पदार्थ आहे, खरोखरचा. जमिनीवर घागर नाही हे आपण बघतो, कल्पत नाही. आणि प्रत्येक अभावाला त्याचा प्रतियोगी लागतो: कशाचा अभाव ते सांगावं लागतं, कुठे तेही सांगावं लागतं. मोघम ‘नाही’ तिथे चालत नाही. तुमच्या आयुष्यात अंधार आहे म्हणणाऱ्या बुवाला आधी हेच विचारायला हवं, की कुठल्या उजेडाचा? हा प्रश्न आला की निम्मी प्रवचनं बसतील.

माझं अन्नंभट्टाशी जमलं आणि बिनसलं ते एकाच शब्दावर. अंधार म्हणजे तेजाचा अभाव इतकंच तो म्हणत नाही. ‘प्रौढ’ आणि प्रकाश पाडणाऱ्या तेजाचा सर्वसाधारण अभाव म्हणतो. कारण उघड आहे. नुसता तेजाचा अभाव म्हटलं तर अंधार कुठेच सापडणार नाही, कुठे ना कुठे कणभर तेज असणारच. म्हणून प्रौढ, म्हणजे वस्तू दाखवण्याइतकं वयात आलेलं. गुरुजींच्या मांडीवर झळकीकरांचा ‘न्यायकोश’ असतो, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली, भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये छापलेली आवृत्ती. शब्द अडला की ते आधी तो उघडतात. या शब्दाला मात्र मी अडलो तो कोशामुळे नाही, पाताळेश्वरामुळे.

जंगली महाराज रस्त्यावरून पाताळेश्वराच्या आवारात उतरलं की रिक्षांचा आवाज एकदम खाली जातो. समोर तो गोल नंदीमंडप, दगडी छत्रीसारखा, आणि मागे कातळात खोदलेलं लेणं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, अर्धवट सोडलेलं. भर उन्हातून आत पाऊल टाकलं की पहिल्या क्षणी काहीच नाही. खांब नाहीत, भिंत नाही, पुढे बसलेली बाई नाही. तुम्ही हात पुढे करून उभे राहता. मग पहिल्यांदा दिसतात ते जवळच्या खांबांचे कोपरे, नुसत्या कडा, कुणी पेन्सिलीने ओढल्यासारख्या. मग दोन कडांच्या मध्ये खांबाची रुंदी भरते. मग मागची रांग. सगळ्यांत शेवटी दगडाचा पोत, छिन्नीचे घाव आणि अर्धवट सोडलेल्या जागा, जिथे कारागिराने हत्यार ठेवलं आणि परत उचललं नाही. आता तुम्ही सहज चालता. कोपऱ्यात बसून जपमाळ ओढणारे आजोबा मघापासून तुमच्याकडेच बघत होते हेही कळतं. डोळ्याला पुरतं सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. डार्करूमवाल्याला ते सांगायला लागत नाही.

मी गुरुजींना विचारलं, या अर्ध्या तासात लेण्यात उजेड वाढला का? नाही. दिवा कुणी लावला नाही, सूर्य तिथेच. मग अंधार होता तो गेला कुठे? तेजाचा अभाव तितकाच राहिला आणि अंधार मात्र गेला. म्हणजे तुमच्या अन्नंभट्टापेक्षा प्रभाकर जवळ आला, की अंधार म्हणजे उजेड असूनही न कळणं. आणि प्रौढ म्हणजे कुणाला प्रौढ? वटवाघळाला, मांजराला, मला, नुकत्या आत आलेल्या माणसाला? तेज वयात आलं की नाही हे ठरवणारा डोळा, मग व्याख्येत डोळा का नाही?

गुरुजींनी घुबड काढलं. शास्त्रात ते तयारच असतं: घुबडाला भर सूर्यात अंधार दिसतो, म्हणून काय सूर्यात अंधार असतो का? न दिसणं हा घुबडाचा दोष. मी म्हणालो, माझा दोष अर्ध्या तासात गेला, तर मग तो दोष होता की अंधार? यावर वर्गात चहा आला.

पूर्ण अंधाराबद्दल आणखी एक साक्ष मला द्यायची आहे, कारण पंडितांनी तो क्वचितच भोगला असावा. फिल्म रीळावर चढवायची तर लाल दिवासुद्धा चालत नाही, सगळं बोटांनी. कात्रीने टोक कापायचं, कोपरे गोल करायचे, खाचेत घालायचं, आणि अंगठ्याच्या पोटाने फिल्म बसतेय ना हे ऐकल्यासारखं चाचपायचं. त्या खोलीत डोळे उघडे ठेवा की मिटा, फरक नाही. आणि जे दिसतं ते काळं नसतं. करडं असतं, हलतं, बारीक दाण्यांचं, जणू डोळाच स्वतःशी पुटपुटतोय. उजेड मुळीच नसताना डोळा जो दाखवतो तो हा करडेपणा, आणि वैज्ञानिकांनी त्याची दखल घेतलेली आहे. काळं दिसायला शेजारी उजेड लागतो. तेव्हा अंधार काळा म्हणून द्रव्य, हा भाट्टांचा मूळ युक्तिवादच आमच्या डार्करूमच्या आत टिकत नाही. ज्याला ते काळा अंधार म्हणत होते तो बहुधा अर्धा अंधार असावा. आकाशात तारे, दूर कुणाच्या तरी परसात चूल, अंगणात तुळशीपाशी पणती.

इथेच माझ्या मते खरी गोष्ट आहे. मिट्ट काळोखात चूक होत नाही. माणूस बिचकून असतो, हात पुढे करतो, पाय चाचपडत टाकतो. आमच्याकडे रीळ चढवताना शिकाऊ पोरं बिघाड करत, पण त्यांना आपण आंधळे आहोत हे ठाऊक असे. गोंधळ व्हायचा तो लाल बल्बखाली. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चेहरा उमटायला लागतो, आधी केस, मग डोळे, मग नवरीच्या मुंडावळ्या. लाल उजेडात प्रिंट असतो त्यापेक्षा गडद दिसतो. नवा पोरगा घाबरून लगेच उचलतो आणि हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, टाकतो. मग बाहेर उन्हात नेला की नवरी पीठ फासल्यासारखी फिकी. त्याने तो डोळ्यांनी नीट पाहिला होता, हीच अडचण. काहीच दिसलं नसतं तर घड्याळ लावून थांबला असता.

वेदान्ताचा साप दोरीवर दिसतो तोही याच उजेडात. भर दुपारी दोरी दोरीच. अमावास्येच्या काळोखात दोरीही नाही आणि सापही नाही. भ्रमाला मंद अंधार लागतो; वेदान्ताच्या ग्रंथांत तो शब्द असाच येतो. ‘इथे काहीतरी आहे’ इतकं दिसायला पाहिजे आणि ‘काय आहे’ ते दिसता कामा नये. तेव्हा अज्ञानाला अंधाराची उपमा देणं मुळातच अर्धवट वाटतं. दृष्टान्त दोरी-सापाचा द्यायचा आणि उपमा काळोखाची, हे जमत नाही. आपण अज्ञानी म्हणजे काहीच न जाणणारे असतो तर भजन, प्रवचन, वाद, युद्धं यातलं काहीच नसतं. देव काही तरी आहे इतपत आपल्याला दिसतं. पुढचं आपण लाल बल्बखाली ठरवतो.

याच उजेडात न्यायाने एक दुसरी गोष्टही ठेवली आहे. संध्याकाळी लांब काही उभं दिसतं: खांब की माणूस? हा संशय. न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमाच्या सोळा पदार्थांत तो प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच मागे, तिसरा. म्हणजे अंधुकात दोन माणसं उभी आहेत. एक ‘साप!’ म्हणून ओरडतो, दुसरा ‘खांब की माणूस?’ म्हणून थबकतो. दोघांना उजेड तितकाच मिळालाय. आपल्याकडे देवाधर्मात पहिल्याला श्रद्धावान म्हणतात आणि दुसऱ्याला नास्तिक. नैयायिक दुसऱ्याला विचाराच्या दारात उभं करतात. मला हे नैयायिकांचं फार पटतं, आणि मी दर चतुर्थीला दुर्वा आणणारा माणूस आहे.

गाभाऱ्यात ज्यांनी एक नंदादीप ठेवला त्यांना हे ठाऊक असावं असं मला वाटतं. तेल परवडत नव्हतं म्हणून नक्कीच नव्हे. मूर्ती अंधूक दिसावी, दरवेळी थोडी वेगळी दिसावी, आपण पाहिलं असं कुणाला छातीठोक वाटू नये. आता पेठेतल्या कितीतरी देवळांत पांढरे एलईडी थेट देवाच्या तोंडावर. एकदा पाहिलं की झालं, मोबाइलमध्ये फोटो, पुढे चला. फोटोवाला म्हणून सांगतो, समोरून असा झोत मारला की चेहऱ्याचा आकार जातो. सावली नसेल तर नाक कुठून दिसणार? आषाढी अमावास्येला आमच्या घरी अजून दिवे घासून पुजतात, कणकेचे गोड दिवे उकडतात. लोकांनी त्या दिवसाची गटारी केली तो भाग वेगळा. अख्ख्या वर्षात दिव्यांची पूजा करायला जुन्या लोकांनी अवसच निवडली, आणि लक्ष्मीपूजनही अवसेलाच. पौर्णिमेच्या चांदण्यात दिवा तितका नजरेत भरत नाही.

मी हे सगळं लिहून गुरुजींना दाखवलं. ‘प्रौढ’ शब्दाशी त्यांनी पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, डोळा व्याख्येत घालायचा तर मग प्रत्येक व्याख्येत डोळा घालावा लागेल, घागरीच्यासुद्धा, आणि मग तुम्ही पाहण्याबाहेर वस्तूच नाही म्हणणारे बौद्ध व्हाल. ते चालेल का, विचार करून या. बाकीची शंका तर्कसंग्रहाच्या ऐपतीची नाही, तिला विश्वनाथाची मुक्तावली लागेल. मुक्तावलीचा वर्ग गुरुवारी सकाळी सातला असतो. जैन गृहस्थांनी आणि मी नाव घातलंय; बाई म्हणतात सातला दूध यायचं असतं, बघू.